फ्रीबीएसडीवर एक्सएफसीई बसवताना

लिनक्सवर दहा-बारा वर्षं काढल्यावर जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी (युनिक्स घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून बघायची हुक्की आली. इन्स्टॉलेशन वीस मिनिटांत आटोपलं. मशीन रीबूट झालं आणि समोर उभं राहिलं काळ्या पडद्यावरचं 'लॉगिन'. बस्स, एवढंच. आयकॉन नाहीत, माउसचा बाण नाही. फ्रीबीएसडी तुम्हाला पाया बांधून देते, घर तुमचं तुम्ही बांधायचं, हे वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि रिकाम्या प्लॉटवर उभं राहणं वेगळं.

मी घाईत एका दमात सगळं मागवलं: एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या-चित्रं दाखवणारी 'एक्स' यंत्रणा), एक्सएफसीई (त्यावर चालणारा हलका डेस्कटॉप) आणि इंटेल ग्राफिक्ससाठी डीआरएम-केमॉड हा ड्रायव्हर. पॅकेजं उतरली, कुठेही तक्रार नाही. मग ग्राफिक्सचं मोड्यूल (कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, जोडायचा तुकडा) बूट होताना आपोआप लोड व्हावं म्हणून आरसी डॉट कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलमधल्या केएलडी-लिस्ट या यादीत त्याचं नाव टाकलं आणि रीबूट केलं. बूटच्या ओळी भराभर सरकल्या, एका क्षणी स्क्रीन काळी झाली, आणि मशीन गोठलं. पॉवरचं बटण दाबून बंद, परत चालू, परत तेच.

चूक मोड्यूलची नव्हती, माझ्या उतावीळपणाची होती. आधी ते हाताने केएलडीलोड (मोड्यूल लोड करायची कमांड) करून बघितलं असतं तर एका रीबूटवर भागलं असतं. आता दर बूटला मशीन त्याच खड्ड्यात पडत होतं. सुटका झाली ती बूट मेनूतल्या सिंगल युजर मोडमुळे, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या किमान अवस्थेमुळे. तिथे आरसी डॉट कॉन्फमधली ती यादी वाचलीच जात नाही. मात्र फाइल सेव्ह करायला गेलो तर नकार! सिंगल युजरमध्ये रूट फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती माउंट होते, ती आधी लिहिण्याजोगी करून घ्यावी लागते. माझी यूएफएस प्रकारची फाइल सिस्टिम होती, त्यामुळे 'माउंट उणे-यू स्लॅश' एवढ्यावर काम झालं. ती ओळ काढली, मशीन सुरळीत उठलं.

मग शांतपणे कारण शोधलं. मी नुकतीच निघालेली पॉइंट रिलीज (मुख्य आवृत्तीच्या शाखेतली छोटी आवृत्ती) टाकली होती. पॅकेजं मात्र त्याच शाखेतल्या, अजून सपोर्ट असलेल्या आधीच्या पॉइंट रिलीजवर बांधलेली होती. ब्राउझर, एडिटर वगैरेंना याने काही फरक पडत नाही. कर्नल मोड्यूलला पडतो, कारण ते थेट कर्नलच्या पोटात जाऊन बसतं. (आता अशा मोड्यूलांसाठी पॅकेजांचं वेगळं कोठार (रिपॉझिटरी) आहे, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला आहे.) उपाय होता पोर्ट्समधून (सोर्सवरून सॉफ्टवेअर बांधायच्या फ्रीबीएसडीच्या संग्रहातून) स्वतः कंपाइल करण्याचा. त्यासाठी यूएसआर-एसआरसी फोल्डरमध्ये आपल्याच रिलीजचा कर्नल सोर्स लागतो. तो मी इन्स्टॉल करताना 'कशाला हवा' म्हणून सोडला होता! तो उतरवला, मोड्यूल बांधलं, आणि या वेळी हाताने लोड केलं. स्क्रीन एकदा लुकलुकली आणि कन्सोलवरची अक्षरं एकदम बारीक, रेखीव झाली. पॅनेलचं पूर्ण रेझोल्यूशन मिळालं होतं. डेस्कटॉप अजून लांब होता, पण खरा आनंद मला तिथेच झाला.

एक्स सुरू करायची कमांड, स्टार्टएक्स, मारली. आलं काय? तीन टर्मिनल आणि एक घड्याळ. क्षणभर वाटलं पुन्हा काहीतरी बिघडलं. प्रत्यक्षात एक्स व्यवस्थित चालत होतं. होम फोल्डरमध्ये एक्सइनिटआरसी फाइल नसेल तर ते टीडब्ल्यूएम नावाचा जुनापुराणा विंडो मॅनेजर (खिडक्या हाताळणारा प्रोग्राम) उघडतं. एक्स११ची पहिली आवृत्ती १९८७ची, आणि हा पठ्ठ्याही त्याच काळातला. फाइलमध्ये एक्सएफसीई सुरू करायची एक ओळ लिहिली, आरसी डॉट कॉन्फमध्ये डीबस (प्रोग्रामना आपापसात निरोप देऊ देणारी सेवा) चालू केलं, आणि पॅनेल, मेनू, एक्सएफसीईचं उंदराचं बोधचिन्ह सगळं हजर.

फक्त खिडक्या ओढताना अडखळत होत्या आणि पंखा घरघरत होता. ग्राफिक्सची माहिती काढली तर रेंडररच्या (चित्रं काढणाऱ्याच्या) जागी 'एलएलव्हीएमपाइप', म्हणजे चित्रं काढायचं सगळं ओझं सीपीयूवर. माझा युजर 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये नव्हता, म्हणून ग्राफिक्स कार्डाचं दार त्याला बंद होतं. ग्रुपमध्ये घातलं, तरी फरक शून्य. यात अर्धा तास गेला, आणि कारण इतकं साधं की सांगायलाही लाज वाटते: मी लॉगआउट केलंच नव्हतं. ग्रुपचा बदल नव्याने लॉगिन केल्यावरच लागू होतो. आपण कोणत्या ग्रुपांत आहोत ते दाखवणारी 'आयडी' ही कमांड मारली असती तर दोन सेकंदांत कळलं असतं.

शेवटी मराठी. ब्राउझरमध्ये मराठी पान उघडलं तर ओळीच्या ओळी रिकामे चौकोन. नोटोचा देवनागरी फॉन्ट टाकला, ब्राउझर बंद करून उघडला, आणि 'ज्ञानेश्वरी'तला ज्ञ नीट उमटला. टायपिंगसाठी सेटएक्सकेबीमॅप या कमांडने भारतीय लेआउट जोडला. इनस्क्रिप्टची सवय असल्याने वेगळं काही लागलं नाही.

लाइटडीएम टाकून सुंदर लॉगिन स्क्रीन आणता येईल. अजून टाकलेलं नाही. काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड द्यायचा आणि स्टार्टएक्स टाइप करायचं, हेच चाललंय.