धार जोरात पडत होती तरी अलार्म वाजायचा : आऊटबोर्ड ओव्हरहीटचा माझा अनुभव

मालवणजवळ देवबागला आमची फायबरची बोट आहे, मागे ६० हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून लावलेलं इंजिन, सीझनला डॉल्फिन आणि संगमाच्या फेऱ्या असतात. या सीझनला ओव्हरहीटच्या अलार्मने आम्हाला जो ताप दिला आणि शेवटी तो नेमका कुठून येत होता ते जरा सविस्तर लिहितोय, कारण आमच्या किनाऱ्यावर अलार्म वाजला की दहातले नऊ जण एकच सांगतात, इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पाकळ्यांचं चाक) बदल. आमचा इम्पेलर नवाकोरा होता, पावसाळ्यात बोट वर काढलेली तेव्हाच एका वर्कशॉपमधे बदलून घेतलेला.

अलार्म पहिल्यांदा वाजला तो कर्ली नदीच्या मुखाजवळ, बोटीत पर्यटक, ओहोटी लागलेली. बझर सलग सुरू झाला आणि इंजिनाने स्वतःच आरपीएम (फिरण्याचा वेग) खाली आणले. आमचे काका जुने तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, ते पहिलं हेच म्हणाले, "आधी नांगर टाक, मशीन मगे बघूया." हे मला फार महत्त्वाचं वाटतं, तिथे ओहोटी बोट सरळ वाळूच्या पट्ट्यावरच्या फुटणाऱ्या लाटांकडे ओढते, आणि माणूस काऊल (इंजिनावरचं झाकण) उघडून इंजिनात डोकं घालून बसला की बोट कुठे चाललीय ते त्याला कळतच नाही.

नांगर धरल्यावर इंजिनातून मागे बाहेर पडणारी पाण्याची धार बघितली, चांगली जोरात पडत होती, म्हणून इंजिन बंद न करता न्यूट्रलला आयडल, म्हणजे गियर न टाकता हळू चालू, ठेवलं. धार बंद असती तर लगेच बंद केलं असतं, पाण्याशिवाय रबरी इम्पेलर मिनिटभरातसुद्धा जळून जातो. थोड्या वेळात बझर थांबला आणि आम्ही हळूहळू जेट्टीला आलो.

आता बझर म्हणजे गरमच असं नसतं, फोर स्ट्रोकला ऑईल प्रेशर कमी झालं तरी बझर वाजतो आणि आरपीएम पडतात. फरक मीटरवरच्या दिव्यात असतो, तापमानाचा वेगळा आणि ऑईलचा वेगळा. ज्यांचं टिलर हँडलवालं (इंजिनालाच वळवायचा दांडा असलेलं, असे दिवे नसलेलं) साधं इंजिन आहे त्यांनी बझर वाजला की आधी ऑईलची दांडी काढून बघावी, दोन मिनिटांचं काम आहे. आमचा तापमानाचा दिवा लागला होता, दांडी पण बघितली, ऑईल बरोबर होतं.

मग पाणी आत घेणाऱ्या इनटेकच्या जाळ्या बघितल्या, प्लास्टिक नाही, शेवाळ नाही. लोअर युनिट (इंजिनाचा पंख्याकडचा खालचा भाग) उतरवून इम्पेलर बघितला, सगळ्या पाकळ्या शाबूत, त्याला शाफ्टवर धरणारी चावी जागेवर, हाऊसिंगला वाळूचे बारीक ओरखडे होते पण आमच्याकडे ते सगळ्यांनाच असतात. परत जोडलं, खाडीत फिरवलं, आयडलला एकदम ठीक, हळू चालवलं तरी ठीक, पण चार हजार आरपीएमच्या वर पाच-सात मिनिटं गेली की अलार्म.

या टप्प्यावर जेट्टीवरच्या एकाने सल्ला दिला की सेन्सर गेलाय, वायर काढून टाक म्हणजे वाजणार नाही. हे कृपा करून कोणी करू नका. वायर काढली की बझरही गेला आणि इंजिन स्वतःला वाचवायला आरपीएम कमी करतं तेही गेलं, मग थेट हेडचं पॅकिंग उडतं नाहीतर पिस्टन आत अडकून बसतो आणि खर्च नव्या इंजिनाच्या जवळ जातो. सेन्सर खोटं बोलतोय असं वाटत असेल तर तापमान मोजा ना. मी इन्फ्रारेड थर्मामीटरची गन आणली, मेकॅनिकवाली, कोरोनात कपाळाला लावायचे ती नाही, तिची मोजणी अंगाच्या तापापुरतीच असते. चकचकीत धातूवर ही गन कमी आकडा दाखवते म्हणून रंग असलेल्या जागी धरायची. काऊल काढून, फ्लायव्हीलपासून हात लांब ठेवून, एकाने बोट चालवायची आणि दुसऱ्याने थर्मोस्टॅटच्या (ठराविक तापमानाला उघडून पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) कव्हरजवळ आणि हेडवर आकडे घ्यायचे. आयडलला साठच्या आसपास, स्पीड दिल्यावर सत्तर, ऐंशी आणि पुढे चढतच जायचं. म्हणजे सेन्सर खरं सांगत होता.

आणि धार? ती तर जोरातच. इथेच बहुतेक लोक फसतात. आमच्या मॉडेलमधे ती धार पंपाकडून येणाऱ्या पाण्यातूनच बाहेर काढलेली आहे, ब्लॉकमधून फिरून येणाऱ्या पाण्यातून नाही, त्यामुळे धार म्हणजे फक्त पंप चालू आहे एवढंच कळतं, वर ब्लॉकमधे पाणी फिरतंय की नाही ते नाही. उलटही होतं, धार बंद पण इंजिन थंड, कारण कुंभारीण माशीने त्या भोकात मातीचं घर केलेलं असतं, अशा वेळी पातळ तार घातली की काम होतं.

मग थर्मोस्टॅट काढायचं ठरलं आणि खरी मेहनत इथे झाली. कव्हरचे बोल्ट स्टीलचे, ब्लॉक ॲल्युमिनियमचा, मधे खाऱ्या पाण्याने सगळं धरलेलं. जोर लावला की बोल्टचं डोकं तुटतं आणि आटे आत राहतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, सकाळी बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके दिले, मग पाना थोडा घट्ट करायच्या दिशेने, थोडा सोडायच्या दिशेने, परत तेल, असं करत करत सगळे शाबूत निघाले. मला वाटतं हे काम घाईत करायचंच नाही, संध्याकाळची फेरी बुडली तरी चालेल.

थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्याच्या टोपात टांगला, बुडाला टेकू दिला नाही, सोबत थर्मामीटर, खाली गॅस. उघडायचं तापमान त्याच्यावरच कोरलेलं असतं, आमच्यावर ६० होतं, आणि साठला तो सुरू झाला आणि पुढे पूर्ण उघडला. म्हणजे तोही निर्दोष.

राहिला प्रेशर व्हॉल्व्ह. याच्याबद्दल आमच्याकडे फार कमी लोक बोलतात. स्प्रिंगवर बसवलेली एक टोपी असते, आरपीएम वाढले की पंपाच्या दाबाने ती उचलली जाते आणि थर्मोस्टॅटला वळसा घालून जास्तीचं पाणी ब्लॉकमधून वाहतं. ती उघडली नाही तर आयडलला काहीच कळत नाही आणि स्पीडला इंजिन तापतं, तंतोतंत आमचंच लक्षण. कव्हर काढलं तर आत गिझरच्या कॉईलवर बसतो तसा पांढरा कडक थर, आणि त्या थरात अडकलेला काळ्या रबराचा वाकडा तुकडा, नखाएवढा. इम्पेलरची पाकळी! नंतर वर्कशॉपला फोन केला तेव्हा कळलं की जुन्या इम्पेलरची पाकळी तुटलेलीच होती, नवीन बसवला पण तुटलेला तुकडा गेला कुठे ते कोणी शोधलंच नाही. तो पाण्याबरोबर वर चढून व्हॉल्व्हच्या टोपीशी अडकला, मिठाने त्याला पक्का केला.

तुकडा काढला, थर पांढऱ्या व्हिनेगरमधे थोडाच वेळ भिजवून ब्रशने साफ केला, जास्त ठेवलं तर ॲल्युमिनियम खातं म्हणून लगेच गोड्या पाण्याने धुतलं, स्प्रिंग आणि पॅकिंग नवीन टाकलं, बोल्टना मरीन ग्रीस लावून बसवले. निवतीच्या दिशेने फुल स्पीडला लांब फेरी मारली, गनचा आकडा साठ-पासष्टच्या मधेच राहिला, दिवा लागला नाही.

ज्यांचं इंजिन उलट वागतं, म्हणजे आयडलला तापतं आणि स्पीडला ठीक होतं, त्यांनी आधी पंपच बघावा, झिजलेला इम्पेलर कमी आरपीएमला पुरेसा दाब देत नाही, किंवा हाच व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असतो. आणि ज्याचा इम्पेलर पाकळी तुटून निघेल त्याने सगळे तुकडे जुळवून बघावेत, एकही कमी असेल तर नवीन बसवायच्या आधी वरची पाईप आणि कव्हर उघडावंच.