कीलर वॉखेला जायचंय? रस्ता सोडा, फेरी धरा

उत्तर जर्मनीत, बाल्टिक समुद्राच्या एका लांब खाडीच्या टोकाशी कील शहर आहे. तिथली कीलर वॉखे, म्हणजे नौकाशर्यतींचा आणि जत्रेचा उत्सव, १८८२ सालच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतून सुरू झाली. जूनच्या शेवटच्या रविवारी ती संपते. मागच्या जूनमध्ये पुण्याहून आलेल्या आई-बाबांना आम्ही तिथे घेऊन गेलो. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी खास हे लिहितेय.

हॅम्बुर्गहून कील रेल्वेने साधारण सव्वा तास. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आरई ७० ही प्रादेशिक गाडी सरळ कीलला जाते, पण आरई ७ नॉयम्युन्स्टर स्टेशनात दुभंगते: काही डबे कीलला, बाकीचे फ्लेन्सबुर्गला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. तीन-चार जण असाल तर श्लेस्विग-होल्श्टाइन (कील ज्या राज्यात आहे ते) तिकीट घ्या. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर प्रवास होतो आणि ते हॅम्बुर्गातही चालतं. मात्र सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं, आणि आयसीई या वेगवान गाडीला चालत नाही.

कील स्टेशनातून बाहेर पडलात की पाणी समोरच. स्वीडनला जाणारं अवाढव्य जहाज थेट शहराच्या मध्यात उभं असतं. बाबा तिथेच पंधरा मिनिटं थबकले. स्टेशनजवळच्या धक्क्यावरून खाडीतली फेरी सुटते. ती दोन्ही काठांना लागत खाडीच्या तोंडाशी असलेल्या लाबो गावापर्यंत जाते. माझ्या मते कील बघायची हीच खरी रीत.

शेवटच्या शनिवारी विंडजॅमर परेड असते. जुनी उंच डोलकाठ्यांची जहाजं खाडीतून समुद्राकडे निघतात. जर्मन नौदलाचं 'गॉर्श फॉक' बऱ्याचदा सगळ्यांत पुढे असतं. कीललिनीवर, म्हणजे शहरातल्या खाडीकाठच्या फिरण्याच्या रस्त्यावर, तुडुंब गर्दी होते, म्हणून आम्ही सकाळीच लाबो गाठलं. तिथे किनाऱ्यावर बसून सगळी जहाजं जवळून जाताना दिसतात. शिडं उलगडत पुढे सरकणारी ती रांग बघताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारीच ७२ मीटर उंच नौदल स्मारक आहे, वर जायला लिफ्ट आहे आणि पायथ्याशी यू-९९५ पाणबुडी आतून बघता येते. पाणबुडीतली दारं अगदी अरुंद आणि बुटकी आहेत. गुडघे दुखत असतील त्यांनी आत शिरू नये.

प्रत्यक्ष शर्यती बघायच्या असतील तर बसने शहराच्या शिल्कजे भागात जा. १९७२च्या ऑलिम्पिकच्या नौकास्पर्धा तिथेच झाल्या होत्या.

खाण्याची चिंता शाकाहाऱ्यांनीही करू नये. रातहाउसच्या (नगरभवनाच्या) चौकातल्या आंतरराष्ट्रीय बाजारात देशोदेशींचे स्टॉल असतात. इतरत्र बटाट्याची धिरडी सफरचंदाच्या मुरंब्यासोबत मिळतात, आणि मासे खाणाऱ्यांनी ताज्या हेरिंगचा पाव चुकवू नये. पेयाच्या पेल्यासाठी भरलेलं डिपॉझिट पेला देऊन परत घ्यायला विसरू नका.

जून असला तरी वारा बोचतो, कानटोपी आणि वाऱ्याचं जाकीट हवंच. परेडच्या दिवशी फेऱ्यांचं वेळापत्रक बदलू शकतं, आदल्या दिवशी तपासा. परेड संपताच लाबोच्या धक्क्यावर मोठी रांग लागते. आई-बाबांना घेऊन त्यात उभं राहण्यापेक्षा निवांत जेवून मग निघा, उजेड रात्री दहापर्यंत असतो.