तळोज्याच्या बॅच शीटवर हेगची नजर

रासायनिक अस्त्रांचा विषय निघाला की लोकांना सीरिया आठवतं, इराकमधलं हलबजा आठवतं, फार तर १९९५ सालची टोकियोची मेट्रो. तळोजा, अंबरनाथ, महाड, लोटे या रसायन कारखान्यांच्या वसाहती कुणाला आठवत नाहीत. पण २९ एप्रिल १९९७ रोजी लागू झालेला रासायनिक अस्त्रबंदी करार रोज पाळला जातो तो अशाच ठिकाणी, आणि मोडतोही तिथेच. बहुतेक वेळा कुणाच्याही मनात काही नसताना, एका चुकलेल्या बेरजेपायी.

करारात आज १९३ देश आहेत. भारताने आपला मस्टर्ड या विषारी वायूचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो नष्टही केला. अमेरिकेचं काम जुलै २०२३ मध्ये उरकलं. म्हणजे सदस्य देशांनी कबूल केलेले साठे संपले. आता उरलं ते खरं किचकट काम: कारखान्यांवर लक्ष ठेवणं. अण्वस्त्रांच्या बाबतीत हे तुलनेने सोपं, कारण प्लुटोनियम काही शाम्पूत घालत नाहीत. ट्रायइथेनॉलअमाइन मात्र घालतात, आणि तेच नायट्रोजन मस्टर्डचा कच्चा मालही आहे. थायोडायग्लायकॉल बॉलपेनच्या शाईत आणि कापडाच्या रंगाईत लागतं, शिवाय सल्फर मस्टर्डकडे नेणारा एक रस्ताही तिथूनच जातो. बंदी घालता येत नाही आणि मोकळंही सोडता येत नाही, म्हणून करारात तीन शेड्यूल, म्हणजे रसायनांच्या याद्या, आल्या.

शेड्यूल १ म्हणजे सारिन, व्हीएक्स, मस्टर्ड, ही सरळ अस्त्रंच. आपल्या पट्ट्यातल्या कुणाचा त्याच्याशी संबंध नाही, पुढे जाऊ. शेड्यूल २ मध्ये थायोडायग्लायकॉलसारखी रसायनं. तिथे बहुतेकांसाठी मर्यादा वर्षाला १ टन, आणि नुसतं उत्पादनच नाही, तर प्रक्रिया आणि वापरही मोजतात. शाई बनवणारा छोटा कारखानदार म्हणतो, ‘आम्ही कुठे बनवतो? विकत आणतो.’ विकत आणून टनापेक्षा जास्त वापरलंत की घोषणापत्र भरायचं. मागच्या तीन वर्षांपैकी एका वर्षी जरी मर्यादा ओलांडली असेल, तरी भरायचं. शेड्यूल ३ मध्ये फॉस्फरस ट्रायक्लोराइड, फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड, थायोनिल क्लोराइड, ट्रायइथेनॉलअमाइन. इथे प्लांटला मोजायचं ते फक्त उत्पादन आणि मर्यादा ३० टन. आयात-निर्यातीची आकडेवारी मात्र व्यापाऱ्यालाही द्यावी लागते, मग मुंबईच्या वडगादीत त्याचं एवढंसं ऑफिस का असेना.

आता चुका कुठे होतात ते बघा.

सगळ्यात मोठा घोटाळा वर्षाचा. आपले हिशेब एप्रिल ते मार्च, करार चालतो जानेवारी ते डिसेंबर. समजा, एक कीटकनाशकवाला खरिपाच्या आधी जोर लावतो. एप्रिल ते डिसेंबर २०२३ मध्ये त्याने १२ टन फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड बनवलं, जानेवारी ते मार्च २०२४ मध्ये १४ टन. आर्थिक वर्ष २६ टनांचं, मर्यादेच्या आत. पुढच्या एप्रिल ते डिसेंबरमध्ये २० टन आणि त्यानंतरच्या तिमाहीत ७ टन, म्हणजे तेही आर्थिक वर्ष २७ टनांवर बसलं. अकाउंट्सवाला निर्धास्त. पण कॅलेंडर वर्ष २०२४ ची बेरीज १४ अधिक २०, म्हणजे ३४ टन. घोषणापत्र चुकलं. टॅलीतून आकडा उचलला की हे होणारच. आकडा प्लांटच्या महिनावार उत्पादन रजिस्टरमधूनच घ्यायचा. गेल्या वर्षाचं घोषणापत्र देशाने करार राबवणाऱ्या हेगच्या संस्थेकडे ९० दिवसांत पाठवायचं असतं, म्हणून कारखान्याकडून आकडे त्याच्या बरेच आधी मागवले जातात. नेमकं तेव्हाच सगळं ऑफिस मार्चएंडिंगमध्ये बुडालेलं असतं.

दुसरी चूक विक्रीला उत्पादन समजण्याची. एका रिअॅक्टरमध्ये फॉस्फरस ट्रायक्लोराइड तयार झालं आणि तसंच पाइपने पुढच्या टप्प्यात गेलं, तर इन्व्हॉइस कुठेच फाटत नाही. पण करारात हा घरच्या घरी संपणारा मालही उत्पादनातच धरतात. बॅच शीट, म्हणजे प्रत्येक घाण्याची नोंद, असेल तर बरं, नाहीतर हेगचा इन्स्पेक्टर किती माल आत गेला नि किती बाहेर आला असा वस्तुमानाचा ताळेबंद मांडून तो आकडा काढतोच.

तिसरी नावाची. ड्रमवर व्यापारी नाव, बिलावर दुसरं, स्टोअरच्या वहीत ट्रायइथेनॉलअमाइनचं नुसतं ‘टीईए’. ताडून पाहायचा तो कॅस नंबर, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक: ट्रायइथेनॉलअमाइनचा १०२-७१-६, थायोडायग्लायकॉलचा १११-४८-८. शेड्यूल ३ चं रसायन मिश्रणात ३० टक्के किंवा त्याहून कमी असेल तर घोषणापत्र लागत नाही, त्यामुळे तयार शाम्पू सुटतो. ८५ टक्क्यांचा टीईएचा ड्रम सुटत नाही.

यादीत नसलेलं रसायन म्हणजे सुटका, असंही नाही. फॉस्फरस, सल्फर किंवा फ्लोरिन असलेलं यादीबाहेरचं सेंद्रिय रसायन एखाद्या प्लांटने ३० टनांवर बनवलं, तरी ते कळवायचं. मला विचाराल तर करारातला सगळ्यात शहाणा नियम हाच. आज कीटकनाशक आणि उद्या औषधाचं इंटरमीडिएट (मधल्या टप्प्याचं रसायन) काढणारा, आतून काच चढवलेल्या ग्लासलाइन्ड रिअॅक्टरांचा बहुउद्देशी प्लांट हीच खरी काळजीची जागा, आणि तो कुठल्याच शेड्यूलमध्ये सापडत नाही.

शेड्यूल ३ चं उत्पादन २०० टनांच्या वर गेलं की तपासणी येऊ शकते. सूचना १२० तास आधी मिळते, तपासणी २४ तासांची. शेड्यूल २ ला सूचना फक्त ४८ तासांची आणि मुक्काम ९६ तासांपर्यंत. सुरुवातीला प्लांटची माहिती द्यायला जास्तीत जास्त तीन तास. एवढ्यात साइट प्लॅन, पाइपिंगचे नकाशे आणि सुरक्षेचे नियम उरकायचे. गाडी अडते ती इथे: नकाशा जुना, मधल्या काळात एक रिअॅक्टर हलवलेला, आणि तो का हलवला हे सांगू शकणारा माणूस नेमका रजेवर. लपवण्यासारखं काही नसलं तरी शेऱ्यात ‘घोषणापत्राशी विसंगत’ असं पडतं. धंद्याचं गुपित झाकता येतं, त्याची सोय करारातच आहे; पण काय झाकलं आणि का, हे आधी सांगायचं असतं.

निर्यातीचं वेगळंच. न्हावा शेव्याहून इजिप्तला टीईए पाठवणं वरकरणी साधा व्यवहार. पण इजिप्त, इस्रायल, उत्तर कोरिया आणि दक्षिण सुदान करारात नाहीत. त्यांना शेड्यूल २ चा माल देता येत नाही, आणि शेड्यूल ३ साठी त्या देशाच्या सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं. त्यात पाच गोष्टी हव्यात: वापर बंदी नसलेल्या कामासाठीच होईल, माल पुढे तिसऱ्याला जाणार नाही, रसायन कोणतं आणि किती, अंतिम वापर काय, आणि अंतिम वापरणाऱ्याचं नाव-पत्ता. खरेदीदार कंपनी आपल्याच लेटरहेडवर लिहून देते आणि सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम बघणारा एजंट, तेवढ्यावर फाइल पुढे सरकवायला बघतो. ते चालत नाही. दुबईच्या व्यापाऱ्याची ऑर्डर असेल तर अंतिम वापरणाऱ्याचं नाव हमखास कोरं सापडतं. आणि आपल्याकडच्या स्कोमेट यादीत, म्हणजे निर्यातीला परवाना लागणाऱ्या वस्तूंच्या सरकारी यादीत, करारापेक्षा जास्त रसायनं आहेत: १डी हा भाग ऑस्ट्रेलिया ग्रुप या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाच्या यादीशी जुळवलेला आहे, त्यामुळे करारात नसलेलं सोडियम सायनाइडसुद्धा परवान्याच्या कक्षेत येतं. पार्टी म्हणते, ‘कागद मागाहून देतो, कंटेनर आधी लावा.’ कंटेनर लावायचा नाही.