वारा फिरला की पडला?

शनिवार, रात्री

जर्मनीतल्या आम्मरसे तळ्यावर विंडसर्फिंगला, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून जायला, आज वारा ठरतच नव्हता. उटिंगच्या बाजूला, म्हणजे पश्चिम काठाला, पश्चिमेचा वारा झाडं आणि घरं ओलांडून येतो, त्यामुळे काठाजवळ तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो. मधेच अंगावर येतो, मधेच साफ पडतो. शिवाय तो काठाकडून तळ्यात वाहतो. आत जाणं सोपं. परतायचं तर वाऱ्याच्या तोंडाला, नागमोडी, टॅक घेत घेत, म्हणजे बोर्डाचं नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलत. म्हणून मी पलीकडे हेर्शिंगच्या दिशेला फार जात नाही. अलीकडेच टॅक घोटत राहते.

विंडसर्फला सुकाणू नसतं. १९६८ मध्ये जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी कॅलिफोर्नियात पेटंटसाठी अर्ज केला, त्यातली कळीची गोष्ट म्हणजे कुठल्याही बाजूला कलणारा मास्टचा, म्हणजे शिडाच्या खांबाचा, सांधा. शीड मागे झुकवलं की बोर्डाचं नाक वाऱ्याकडे वळतं, पुढे झुकवलं की वाऱ्यापासून दूर. डोक्याला हे लगेच पटतं, पायांना पटायला वेळ लागतो. टॅक असा: पुढचा हात बूमवरून (शीड धरायच्या आडव्या दांड्यावरून) मास्टवर, शीड मागे, नाक वाऱ्यातून जात असताना मास्टच्या बुंध्याला चिकटून छोटी पावलं टाकत पलीकडे, आणि लगेच मास्ट पुढे. काठावरचे अनुभवी लोक एकच सांगतात, भरभर कर.

मला मात्र आज पक्कं वाटलं की भरभर करण्याच्या आधीचं बघणं जास्त मोलाचं आहे. वारा नाकाकडे सरकला की मास्टलगतचं कापड फडफडायला लागतं, हातातली ओढ कमी होते. तेव्हाच वळायचं. अर्धं वळण वाऱ्यानेच करून दिलेलं असतं, आणि वळल्यावर तोच वारा काठाकडे जास्त सरळ नेतो. पण नुसता वारा पडला तरी सुरुवातीला कापड असंच फडफडतं! फरक पाण्यावर दिसतो. वाऱ्याच्या बाजूचं पाणी काळपट, बारीक सुरकुत्यांचं असेल तर वारा आहे, फक्त फिरलाय. चकचकीत असेल तर थांबायचं, कारण वळताना रेलायला शिडात काही उरत नाही. एकसारख्या वाऱ्यात हे बघायची गरजच पडली नसती. म्हणून मला हे लहरी तळंच आवडतं.

जाइबला, म्हणजे नाक वाऱ्यापासून दूर नेत वळण्याला, आज हात लावला नाही. त्याला एवढा अर्धवट वारा नकोच. वेग असला की शीड हलकं होतं आणि मग ते फिरवता येतं.

संध्याकाळी काठावरचा नारिंगी दिवा सुरू झाला, मिनिटाला ४० वेळा लुकलुकणारा, म्हणजे जोराच्या वाऱ्याचा इशारा. ९० वेळा लुकलुकला तर वादळ. मी ४० लाच बाहेर येते, आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने यावं असं मला वाटतं.

डाव्या हाताचा टॅक आता बसलाय. उजवीकडे पावलं अजून अडखळतात, उद्या वारा असला तर फक्त तेवढंच.