जर्मनीत ‘सोडा’ म्हणजे धुण्याचा

आपल्याकडे दुकानदाराला नुसतं ‘सोडा’ म्हटलं की तोच विचारतो, खायचा की धुण्याचा? जर्मनीत विचारणारं कुणी नसतं. साबण-शाम्पूच्या दुकानात, बऱ्याचदा एकाच फळीवर, दोन पांढऱ्या पुड्यांची पाकिटं शेजारीशेजारी असतात. एकावर लिहिलेलं असतं ‘नाट्रॉन’, दुसऱ्यावर ‘झोडा’. ढोकळ्यासाठी निघालेला मराठी माणूस ओळखीचं नाव बघून दुसरं उचलतो, आणि नेमका तोच धुण्याचा सोडा, सोडियम कार्बोनेट. खायचा तो नाट्रॉन, सोडियम बायकार्बोनेट.

व्हिनेगर घालून बघू म्हणाल, तर दोन्ही फसफसतात. हळदही दोन्हींनी लालसर होते. चाखून तर अजिबात बघू नका. खायच्या सोड्याच्या द्रावणाचा पीएच (जितका जास्त तितकं द्रावण तीव्र अल्कली) ८.३च्या आसपास, धुण्याच्याचा ११च्या पुढे. तोंडाला, घशाला आणि डोळ्यांना तो झोंबतो. त्यामुळे भरवसा पाकिटावरच ठेवायचा. झोड्यावर लाल चौकटीत उद्गारचिन्ह आणि ‘आख्टुंग’ हा इशारा असतो. खाण्याच्या नाट्रॉनवर ते चिन्ह नसतं, घटकांत ई ५०० हा अन्नघटकाचा क्रमांक दिसतो. पण नुसत्या ई ५०० वर जाऊ नका, खाद्य प्रतीच्या कार्बोनेटचाही क्रमांक तोच. नाव ‘नाट्रिउमहायड्रोजनकार्बोनाट’ हवं. आपल्याकडच्या पाकिटावर ५००(ii) असतं, तेच हे.

लेबलची ही शिस्त मला मनापासून आवडते. सुट्ट्या सोड्याच्या कागदी पुडीवर आपल्याकडे काहीच लिहिलेलं नसतं. तरी ‘खायचा’ आणि ‘धुण्याचा’ हे शब्द न शिकलेल्या माणसालाही वाचवतात, आणि ते ‘नाट्रॉन’ आणि ‘झोडा’ या नावांना जमलेलं नाही, हेही म्हणायलाच हवं.

इनो संपलं असेल तर वाटीभर बेसनाला २ ग्रॅम नाट्रॉन आणि दीड ग्रॅम सायट्रिक ॲसिड. प्रमाण ४ला ३ असंच ठेवा, चमच्याच्या अंदाजाने नको, छोटा वजनकाटा वापरा. ॲसिड आधी पिठात विरघळवा, नाट्रॉन वाफवायला ठेवताना शेवटी. पीठ आंबट ताकातलं असेल तर ॲसिड आणखी कमी. नाट्रॉन जास्त झालं तर ढोकळ्यावर लाल ठिपके पडतात आणि साबणासारखी चव येते. कारण ॲसिड न मिळालेलं नाट्रॉन वाफेच्या उष्णतेने थोडं थोडं कार्बोनेट होतं, म्हणजे धुण्याचा सोडाच.

सायट्रिक ॲसिडही इथे दोन ठिकाणी मिळतं. किटलीतला क्षार काढायचं सफाईच्या फळीवरचं स्वयंपाकात नको. खाण्याच्या पाकिटावर ई ३३० असतो. किटलीसाठी लिटरभर थंड पाण्यात ३० ग्रॅम, अर्धा तास, मग दोनदा धुवा. उकळायचं नाही, कॅल्शियम सायट्रेटचा नवा थर बसतो. क्लोरीनवाल्या क्लीनरमध्ये हे कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

झोडा डोळ्यात गेला तर कोमट वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं डोळा धुवा. गिळला गेला तर तोंड धुऊन पाण्याचे छोटे घोट. उलटी करवू नका, उतारा म्हणून व्हिनेगर देऊ नका. ‘गिफ्टनोटरुफ’ला, म्हणजे विषबाधेच्या मदतवाहिनीला, फोन करा. श्वास अडत असेल तर थेट ११२.