तारवात राहिलेला बाप

नाताळच्या सुट्टीत लेकीकडे माद्रिदला जायचं ठरलं, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "पप्पा, या वेळी घरात बसून केक खायचा नाही. सांतियागोला चालत जाऊ." सांतियागो म्हणजे संत याकोब, येशूचा शिष्य, जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गालिसियात त्याची कबर आहे अशी श्रद्धा आहे आणि हजारेक वर्षं लोक तिथे पायी जातात. आमची मंडळी प्रोटेस्टंट. संतांच्या अस्थींपुढे गुडघे टेकणं आमच्यात नाही. पण चालायला काय हरकत?

सारियाहून निघालो. यात्रेच्या प्रमाणपत्रासाठी निदान १०० किलोमीटर पायी व्हावे लागतात, म्हणून बरेच जण इथूनच सुरुवात करतात. हिचे गुडघे दुखरे. तिने आधीच जाहीर केलं, "तुम्ही बापलेक चाला. मी सामान घेऊन टॅक्सीने पुढे जाते आणि सूप सांगून ठेवते." तिने ते अक्षरशः पाळलं. रोज ओल्या कपड्यांनी मुक्कामी पोचलो की पालेभाजी, बटाटे आणि पांढऱ्या घेवड्याचं ते गरम काल्दो टेबलावर असायचं.

डिसेंबरात तिकडे सकाळी नऊपर्यंत नीट उजाडत नाही. कपाळाला दिवा बांधून चालायचं, पिवळे बाण शोधायचे. वाटेतल्या दगडी खांबांवर उरलेलं अंतर मीटरपर्यंत कोरलेलं असतं, ते वाचून धीर येण्याऐवजी खचायलाच होतं. उन्हाळ्यात इथे म्हणे रांग लागते. आम्हाला तासन् तास माणूस दिसत नव्हता. होता तो पाऊस, शेणाचा वास आणि ओक-चेस्टनटच्या झाडांमधून गेलेली चिखलाची वाट.

अंधारात तोंड दिसत नाही, म्हणून माणूस बोलतो की काय कोण जाणे. लेक बोलत होती. परदेशातल्या पहिल्या नाताळची गोष्ट तिने आम्हाला कधी सांगितलीच नव्हती. सुट्टीचं शहर, सगळी दुकानं बंद. ती दिसेल त्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसली. भाषा कळेना, पण एका गीताची चाल ओळखीची निघाली आणि ती मराठीतून गायली, मोठ्याने. "लोक वळून बघत होते, पप्पा." मग म्हणाली, "मम्मी रात्री जेवताना देवाचे उपकार मानायची ना, भांडी घासणाऱ्या मावशींपासून बसच्या कंडक्टरपर्यंत एकेकाचं नाव घेऊन? मी अजून तसंच करते. एकटी असले तरी."

मला आणि हिला वाटत होतं, ते सगळं घरीच सुटलं. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ती थांबली असती.

पोर्तोमारिनला पोचलो. १९६० च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली जुनं गाव गेलं, तेव्हा लोकांनी चर्चचा एकेक दगड आकडा घालून उतरवला आणि वर टेकडीवर पुन्हा रचला. काही दगडांवर आकडे अजून दिसतात. पुढच्या गावांत मात्र कितीतरी घरांना कुलपं. गालिसियाने पिढ्यान् पिढ्या आपली मुलं अर्जेंटिनाला, क्यूबाला पाठवली. ब्वेनोस आयरेसमध्ये तर कुठल्याही स्पॅनिश माणसाला आजही 'गायेगो', म्हणजे गालिसियाचा, म्हणतात. एका खानावळीतल्या आजींनी लेकीकडे बोट दाखवून मला विचारलं, ही कुठे असते? माद्रिदला, म्हटल्यावर हसल्या. त्यांचा मुलगा स्वित्झर्लंडला होता. कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

मार्काच्या शुभवर्तमानात येशू याकोब आणि योहानाला हाक मारतो आणि ते बाप जब्दीला मजुरांबरोबर तारवात सोडून निघतात. आई पुढे भेटते, अगदी क्रुसापर्यंत. जब्दीचं नाव पुढेही येतं, पण मुलांची ओळख सांगण्यापुरतं. जाळी अर्धवट दुरुस्त झालेली, हाताखालची दोन तरुण माणसं गेलेली, आणि त्याच्या तोंडी एक शब्दही नाही. त्या वाटेवर मला याकोबापेक्षा हा म्हाताराच जास्त आठवत होता. पाळकांनी त्याच्यावर उपदेश केल्याचं मला तरी आठवत नाही.

२४ तारखेला संध्याकाळी सांतियागोच्या कॅथेड्रलसमोरच्या ओब्रादोइरो चौकात आलो. दुसऱ्या दिवशी, नाताळच्या मिस्सात, ५३ किलोचं ते प्रचंड धूपपात्र आठ जणांनी दोराने ओढून छतापर्यंत झुलवलं. हिने माझा हात घट्ट धरला होता, भक्तीने नव्हे, दोर तुटेल या भीतीने. नंतर वेदीखालच्या पायऱ्या उतरून चांदीच्या पेटीसमोर उभे राहिलो. गुडघे टेकले नाहीत. जब्दीबद्दल देवाचे उपकार मानले, शुभवर्तमानापुरतं तरी त्याने मुलांना मागून हाक मारलेली नाही म्हणून. मग लेकीबद्दल मानले. तिला जवळ ठेव, असं या वेळी मागितलं नाही.

२६ तारखेला यात्रेकरूंच्या कार्यालयात प्रमाणपत्रं घेतली. जो चालू शकत नाही त्याच्या वतीने चालल्याचंही प्रमाणपत्रावर लिहून मिळतं, असं कळलं. मी हिला म्हटलं, "तुझं नाव घालू या."

"अजिबात नको," ही म्हणाली, "मी टॅक्सीने आलेय. घालायचंच असेल तर त्या टॅक्सीवाल्याचं घाला, रोज माझी बॅग तिसऱ्या मजल्यावर चढवून द्यायचा."

रात्री जेवताना त्याचं नाव पहिलं आलं.