सहाव्या श्रेणीतली फेरमांडणी : तीस सामन्यांनंतरची नोंद

मागच्या नोंदीत ज्या ४-२-३-१ चे (चार बचावपटू, त्यांच्यापुढे दोन मध्यरक्षक, मग तीन आक्रमक खेळाडू आणि एक आघाडीवीर) मी भरभरून कौतुक केले होते, ती मांडणी आता जवळजवळ ओळखू येणार नाही इतकी बदलली आहे. फुटबॉल मॅनेजर २०२४ या संघ-व्यवस्थापनाच्या संगणकीय खेळातला माझा हा सेव्ह (जतन करून पुढे खेळत राहिलेला डाव) इंग्लंडच्या नॅशनल लीग नॉर्थमध्ये, म्हणजे तिथल्या सहाव्या श्रेणीत चालू आहे. २४ संघ, ४६ सामने आणि अर्धवेळ करारावरचे खेळाडू असा सगळा मामला आहे. पहिल्या १४ सामन्यांत आम्ही २५ गोल खाल्ले आणि सतराव्या स्थानावर घसरलो. त्या २५ पैकी ११ गोल सत्तराव्या मिनिटानंतरचे होते, हे एका संध्याकाळी वही घेऊन मोजले तेव्हा कुठे लक्षात आले.

दोष अर्थातच माझा होता. हंगामाच्या सुरुवातीला मी खेळातला गेगेनप्रेसचा तयार साचा उचलला होता. वर सरकलेली बचावफळी, प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात जाऊन प्रेसिंग (चेंडूवाल्यावर धावून दबाव), चेंडू गमावताच तो लगेच हिसकावण्यासाठी काउंटर-प्रेस आणि वेगवान टेम्पो हे सगळे त्यात आयतेच मिळते. ज्यांचा स्टॅमिना २० पैकी ९-१० आहे आणि ज्यांना आठवड्यात मोजकीच सराव सत्रे मिळतात, त्या खेळाडूंकडून नव्वद मिनिटे हे करून घेण्याची अपेक्षाच चुकीची होती. शिवाय सराव कमी असल्यामुळे टॅक्टिकल फॅमिलिॲरिटीही (खेळाडूंना डावपेच किती अंगवळणी पडले याचे मोजमाप) कासवाच्या गतीने वाढत होती, आणि मी दर दोन सामन्यांनी काहीतरी बदलून तिला पुन्हा मागे ढकलत होतो. म्हणून एक नियम घालून घेतला : एका वेळी एकच बदल, आणि तो किमान पाच सामने तसाच ठेवायचा.

पहिला बदलच फसला, आणि या नोंदीत सांगण्यासारखे खरे तेच आहे. माझे दोन्ही मध्यवर्ती बचावपटू संथ आहेत, म्हणून मी डिफेन्सिव्ह लाइन, म्हणजे बचावफळी उभी राहते ती रेषा, ‘स्टँडर्ड’च्या एक पायरी खाली आणली. लाइन ऑफ एंगेजमेंट, म्हणजे जिथून प्रेसिंग सुरू होते ती रेषा, मात्र ‘हाय प्रेस’वरच राहू दिली. पुढच्या पाच सामन्यांत ९ गोल बसले. पाठीमागे लांब चेंडू टाकून होणारे गोल थांबले, पण पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून आणि कडेने होणारे वाढले. केवळ ‘की हायलाइट्स’ पाहून याचा उलगडा होईना, कारण त्यांत गोल दिसतो, गोलाच्या आधीची पंधरा सेकंदे दिसत नाहीत. शेवटी एक सामना पूर्ण वेळ लावून पाहिला. चेंडूवरची नजर हटवून फक्त माझ्या दोन फळ्यांमधले अंतर पाहत बसलो, तेव्हा चित्र स्वच्छ झाले : आघाडीचे चार जण प्रेस करायला वर धावत होते, बचावफळी मागे सरकत होती आणि मधल्या ओसाड जागेत प्रतिस्पर्ध्याचा मध्यरक्षक निवांत चेंडू घेऊन वळत होता. (कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये मी लहानपणापासून सामने पाहत आलो, पण तिथेही माझी नजर चेंडूलाच चिकटलेली असायची; ही खोड जुनी आहे.)

दोन्ही रेषा दोन सुट्या सूचना नसून एकाच अंतराची दोन टोके आहेत, हे तेव्हा पटले. मग डिफेन्सिव्ह लाइन एक पायरी वर, ‘स्टँडर्ड’वर नेली आणि एंगेजमेंट ‘मिड ब्लॉक’वर, म्हणजे मैदानाच्या मध्यावर आणली. काटेकोर बोलायचे तर हे दोन बदल झाले, पण मी त्यांना एकच धरतो. चेंडू गेल्यावर काउंटर-प्रेसऐवजी ‘रीग्रुप’ (मागे येऊन आपापली जागा घ्या) ही सूचना त्यानंतरच्या टप्प्यात दिली.

तरीही मधोमध एक भोक उरलेच, आणि त्याचे कारण एका रोलच्या (खेळाडूला नेमून दिलेल्या भूमिकेच्या) भारदस्त नावात दडले होते. दुहेरी पिव्हटमधला, म्हणजे बचावफळीसमोरच्या दोन मध्यरक्षकांपैकी, एक खेळाडू मी ‘बॉल-विनिंग मिडफिल्डर’ केला होता. हा रोल चेंडूचा माग काढत जागा सोडतो, आणि त्याचा जोडीदार पुढे गेलेला असला की बचावफळीसमोर कोणीच उरत नाही. त्याच खेळाडूला साधा सेंट्रल मिडफिल्डर करून ‘डिफेन्ड’ ड्यूटी, म्हणजे मागे राहून बचाव करण्याचे काम दिले. त्याचे टॅकल कमी झाले आणि सामन्यातले त्याचे रेटिंगही घसरले, पण संघ सावरला. मला तरी हा सौदा मंजूर आहे.

त्या पाच सामन्यांनंतरच्या ११ सामन्यांत आम्ही १० गोल खाल्ले आहेत. त्यांतले तीन सामने तळाच्या संघांविरुद्ध होते, त्यामुळे नुसत्या गोलसंख्येवर मी विसंबत नाही. मात्र खेळातल्या डेटा हब या आकडेवारीच्या विभागात प्रतिस्पर्ध्यांचा एक्सजीही (मिळालेल्या संधींवरून अपेक्षित गोल) उतरणीला लागलेला दिसतो, म्हणून सुधारणा केवळ नशिबाची नसावी. ३० सामन्यांनंतर आम्ही नवव्या स्थानावर आहोत आणि प्ले-ऑफची (वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या बाद सामन्यांची) रेषा सातव्या स्थानाखाली आहे. कॉर्नरवर अजून हात घातलेला नाही.

आक्रमणाने मात्र किंमत मोजली आहे. चेंडू आता खाली, मध्यरेषेजवळ हाती येतो आणि तिथून आमचा एकटा आघाडीवीर फार दूर असतो. डावीकडे इन्व्हर्टेड विंगर (कडेवरून मधोमध वळणारा खेळाडू) ‘अटॅक’ ड्यूटीवर आत घुसतो, पण त्याच्या मागचा फुलबॅक (कडेचा बचावपटू) ‘डिफेन्ड’वर असल्याने बाहेरची पट्टी रिकामी पडते. त्या फुलबॅकला ‘सपोर्ट’ ड्यूटी (गरजेप्रमाणे पुढे जाऊन साथ देण्याचे काम) देऊन पुढचे पाच सामने खेळायचे ठरवले आहे. पहिलाच सामना तालिकेत अव्वल असलेल्या संघाच्या मैदानावर आहे आणि त्यांचा उजवा विंगर स्पर्धेतल्या सर्वांत वेगवान खेळाडूंपैकी एक आहे. तरी बदल तोच राहील.